एलएल.बी.ला जाण्याआधी लेखनाचा सराव: गावात राहून काय करता येईल

एलएल.बी.च्या राज्य सीईटीत एक ओळही लिहावी लागत नाही. संगणकावर पर्याय निवडायचे, संपलं. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम असो की पदवीनंतरचा तीन वर्षांचा, दोन्हीकडे हेच. त्यामुळे तयारीचे सगळे महिने प्रश्नसंच सोडवण्यात जातात. मग प्रवेश मिळतो आणि पहिल्याच सत्राच्या परीक्षेत कोरी उत्तरपत्रिका समोर येते. पानंच्या पानं लिहायची, तीही कलम, कारण, निष्कर्ष अशा क्रमानं. विदर्भातल्या आर्णी, सिंदेवाही, मोर्शी, लोणार, आरमोरीकडून येणारी हुशार मुलं इथे अडतात. कायदा त्यांना कळतो, पण कळलेलं कागदावर उतरवायची सवय त्यांना शाळा-कॉलेजात कुणी लावलेली नसते.

सीईटी झाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत मधले काही महिने मिळतात. घरी तेव्हा पेरणी, डवरणी, निंदणाची घाई असते हे मला ठाऊक आहे. पण रोज एक तास काढला तरी पुरे. हा लेख त्या एका तासासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बहुतेक घरांत हा निर्णय उलटा होतो. मुलाला किंवा मुलीला वकिली शिकायची म्हटलं की पहिले पैसे इंग्रजी बोलण्याच्या क्लासवर खर्च होतात. इंग्रजी लागतंच, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, १९९८ च्या शासन अधिसूचनेनं ती ठरवली आहे. उच्च न्यायालयाचं, म्हणजे आपल्या नागपूर खंडपीठाचं काम संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालतं. दोन्ही भाषा लागणार. मात्र ज्याला स्वतःच्या भाषेत एक घटना सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट लिहिता येत नाही, त्याला ती इंग्रजीतही लिहिता येणार नाही. म्हणून सुरुवात मराठीपासून करा.

घरातली पेटी उघडा

पहिल्या आठवड्यासाठी पुस्तक विकत घेऊ नका. घरात सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल, एखादं जुनं खरेदीखत, पीककर्जाचे कागद असतातच. वडिलांना किंवा आजोबांना विचारून ते काढा, झेरॉक्स करा आणि मूळ कागद परत पेटीत ठेवा. मूळ कागदावर पेन्सिलचीही खूण करायची नाही.

आता खरेदीखत वाचा. मौजा, प.ह.नं., शेत सर्व्हे नंबर, आराजी (म्हणजे क्षेत्र), भोगवटादार वर्ग, चतुःसीमा. यातला प्रत्येक शब्द काय सांगतो ते कळत नसेल तर तलाठ्याला किंवा तहसीलसमोर बसणाऱ्या अर्जनवीसाला विचारा, हे लोक सहसा आनंदानं सांगतात. मग कागद उलटा ठेवा आणि वहीत अर्धं पान लिहा: कुणी, कुणाला, कधी, किती आराजी, किती रुपयांत विकली, आणि शेताच्या चारही बाजूंना कोण आहे. लिहून झाल्यावर कागदाशी ताडून पाहा. नाव, तारीख, आकडा यांतलं काय चुकलं ते लाल पेनानं खूण करा. पहिल्यांदा चुका निघतीलच, आणि त्या बहुधा आकड्यांत निघतील.

खरेदीखतांची भाषा मात्र उचलू नका. ‘लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस कारणे लिहून देतो की’ या थाटाची अर्ध्या पानाची वाक्यं जुन्या साच्यातून आलेली आहेत. त्यातली काटेकोर माहिती घ्या, लांबण सोडून द्या.

घटना लिहायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हे एक काम जमलं की पुढची अर्धी वकिली सोपी जाते, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आणि वावरात जायच्या रस्त्यावरून होणारे वाद प्रत्येक गावात आहेत. अशा वादाचा अर्ज साधारण असा लिहिला जातो:

‘शेजाऱ्याने मुद्दाम दादागिरी करून आमचा वहिवाटीचा रस्ता बंद केला असून आमच्यावर फार मोठा अन्याय झाला आहे व आम्हाला अतोनात त्रास होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती.’

यातलं दुःख खरं आहे. पण तहसीलदाराला यातून काय कळलं? कोणता रस्ता, कोणत्या शेतातून, कुणी, कशानं, कधी बंद केला? यातलं काहीच नाही. आता तीच गोष्ट अशी लिहून पाहा:

१. मौजा अमुक येथील शेत सर्व्हे नं. ४२ माझ्या वडिलांच्या मालकीचे व ताब्यात आहे.

२. या शेतात जाण्यासाठी सर्व्हे नं. ४१ च्या उत्तर धुऱ्यावरून बैलबंडीचा रस्ता आहे. आमचे कुटुंब २० वर्षांपासून तो वापरत आहे.

३. दि. ५ जून रोजी सकाळी ८ च्या सुमारास गैरअर्जदाराने या रस्त्यावर सिमेंटचे दोन खांब रोवून काटेरी तार लावली. मी त्या वेळी तेथे हजर होतो.

४. तेव्हापासून बंडी किंवा ट्रॅक्टर शेतात जात नाही. पेरणीचे बियाणे व खत डोक्यावर वाहून न्यावे लागले.

‘अन्याय’ हा शब्द एकदाही आला नाही, तरी वाचणाऱ्याला तो दिसतो. शिवाय तिसऱ्या मुद्द्यातल्या तारखेला वजन आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली रस्त्यातला अडथळा काढण्यासाठी तहसीलदाराकडे जायचं, तर अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. तारीखच लिहिली नाही तर मुदत मोजणार कुठून?

मुद्द्यांना क्रमांक देण्याची ही पद्धत माझी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम २ मध्ये ती सांगितली आहे: दाव्यात महत्त्वाची तथ्यं थोडक्यात मांडावीत, पुरावा मांडू नये, परिच्छेदांना ओळीनं क्रमांक द्यावेत, आणि तारखा, रकमा, संख्या अंकांत व अक्षरांत दोन्ही लिहाव्यात. वकील ज्या नियमानं दावा लिहितात तोच नियम तुम्ही आजपासून सरावाला घ्या.

रोज एक घटना लिहा. बाजारातली बाचाबाची, ग्रामसभेत झालेला ठराव, बसस्टँडवर चुकलेली बस, कापसाच्या वजनावरून जिनिंगमध्ये झालेला वाद. गावातल्या माणसांची खरी नावं वहीत लिहू नका, अ, ब, क वापरा. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्याला विचारा: हे मी पाहिलं, ऐकलं, की मला नुसतं वाटलं? पाहिलेल्यावर एक खूण, ऐकलेल्यावर दुसरी, वाटलेल्यावर तिसरी. न्यायालयात तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा लागतो. जे पाहिलं ते पाहणाऱ्यानं सांगायचं, जे ऐकलं ते ऐकणाऱ्यानं. ‘तो दारू पिऊन होता’ हे बहुतेक वेळा वाटलेलं असतं. ‘त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता आणि तो भिंतीला धरून चालत होता’ हे पाहिलेलं असतं.

दोन खोडी आपल्या सगळ्यांच्या लेखनात असतात. पहिली, कर्ता लपवण्याची. ‘मारहाण करण्यात आली’, ‘झाडे तोडण्यात आली’ अशी भाषा वर्तमानपत्रांतून आणि सरकारी पत्रांतून आपल्या हातात उतरली आहे. कुणी मारलं? कुणी तोडली? माहीत असेल तर नाव लिहा. माहीत नसेल तर ‘कोणी तोडली हे मला माहीत नाही’ असं सरळ लिहा. दुसरी खोड सर्वनामांची. ‘रमेशने सुरेशला सांगितले की त्याच्या वावरातली तूर त्याच्या भावाने नेली’ या वाक्यात वावर कुणाचं आणि भाऊ कुणाचा? बोलताना हातवाऱ्यांनी आणि आवाजानं निभावून जातं, कागदावर निभावत नाही. कायद्याच्या लेखनात तेच नाव पुन्हा पुन्हा आलं तरी चालतं. शाळेत पुनरुक्ती हा दोष म्हणून शिकवतात, इथे संदिग्धता हा त्याहून मोठा दोष आहे.

बोलीबद्दल थोडं. वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलांना वाटतं की आपली भाषाच अशुद्ध आहे, आणि मग ती दचकत दचकत जड संस्कृत शब्द वापरू लागतात. तसं करू नका. कुणाचं बोलणं जसंच्या तसं लिहायचं असेल तर अवतरणचिन्हात बोलीतच लिहा: ‘मले तो मारून राहिला होता.’ तुमचं स्वतःचं निवेदन प्रमाण मराठीत: ‘तो मला मारत होता, असे साक्षीदाराने सांगितले.’ दोन्ही येणं ही ताकद आहे. उद्या उलटतपासणीत खेड्यातली म्हातारी नेमकं काय म्हणाली हे तुम्हाला शहरातल्या वकिलापेक्षा आधी कळेल. ज्यांच्या घरी गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलतात, त्यांच्यासाठी मराठीही शिकलेली भाषा आहे. त्यांनी घटना आधी घरच्या भाषेत कुणाला तरी मोठ्यानं सांगावी, सांगताना क्रम लागतो, आणि मग लिहायला बसावं.

१५० शब्दांची शिस्त

घटना लिहिणं जमू लागलं की माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून पाहा. हा सराव मला विशेष आवडतो, कारण त्याची मर्यादा नियमानंच घातली आहे. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि विनंती सर्वसाधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठी नसावी. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. २००५ च्या अधिनियमाप्रमाणे माहिती देण्याची मुदत ३० दिवसांची.

‘आमच्या गावाच्या पांदण रस्त्याचे काम का झाले नाही व याला जबाबदार कोण?’ असा अर्ज गेला तर बहुधा नकार येतो, कारण या कायद्यानं कार्यालयात असलेली माहिती मागता येते, खुलासा मागता येत नाही. त्याऐवजी ‘दि. १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५ या काळात मौजा अमुक येथील अमुक पांदण रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेतील नोंदी यांच्या प्रती’ मागा. प्रश्न मनात तोच आहे, फक्त तो आता कागदांच्या नावांत उतरला आहे. काय मागायचं आहे हे ठरवल्याशिवाय असं वाक्य लिहिताच येत नाही.

सरावासाठी लिहिलेला प्रत्येक अर्ज पाठवायची गरज नाही. माहिती खरोखर हवी असेल तेव्हाच पाठवा, आणि पाठवला तर पोच घ्यायला विसरू नका.

कलम फोडा, मग उत्तर लिहा

कायद्याच्या परीक्षेत एक काल्पनिक घटना देऊन ‘अ दोषी आहे का?’ असं विचारतात. इथे निबंध लिहिणारे गुण गमावतात. क्रम असा ठेवायचा: मुद्दा काय, नियम काय, तो या घटनेला कसा लागू होतो, म्हणून निष्कर्ष काय.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आहे. ती वाचा आणि तुकडे करा. वस्तू जंगम, म्हणजे हलवता येणारी हवी. ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी. त्याची संमती नको. ती अप्रामाणिकपणे घेण्याचा हेतू हवा. आणि त्यासाठी वस्तू हलवलेली हवी. पाच तुकडे झाले.

आता वरुड-मोर्शीकडच्या संत्राबागेतली घटना घ्या. अ रात्री ब च्या बागेत शिरतो, झाडावरची संत्री तोडून पोत्यात भरतो आणि कुंपणाजवळच पकडला जातो. ही चोरी आहे का?

घाईत लिहिणारा म्हणेल, ‘होय, कारण त्याने संत्री चोरली.’ हे उत्तर नव्हे. पहिलाच तुकडा पाहा. झाडावर असताना संत्रं जमिनीला जोडलेलं आहे, म्हणजे जंगम नाही. पण कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की जमिनीपासून वेगळी होताच वस्तू चोरीचा विषय होऊ शकते, आणि ज्या कृतीनं ती वेगळी झाली त्याच कृतीनं ती हलवली गेली तरी चोरी होऊ शकते. म्हणजे तोडताक्षणी पहिला आणि पाचवा तुकडा पूर्ण झाला. बागेबाहेर न जाता पकडला गेला यानं फरक पडत नाही, कारण कलम हलवण्याबद्दल बोलतं, पळून जाण्याबद्दल नाही. ताबा ब चा, संमती नाही. हेतू कशावरून? रात्रीची वेळ आणि सोबत आणलेलं पोतं यांवरून. म्हणून चोरी.

आता घटना थोडी बदला. झाड अ आणि ब यांच्या सामाईक धुऱ्यावर आहे, मोजणी झालेली नाही, आणि अ ला प्रामाणिकपणे वाटतं की झाड आपलंच आहे. तो दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत संत्री तोडतो. चार तुकडे जसेच्या तसे ठेवा आणि हेतूच्या तुकड्यावर एक परिच्छेद लिहा. निष्कर्ष बदलतो, आणि तो का बदलला हे लिहिता आलं तर तुम्ही कायद्याचं उत्तर लिहिलं. एक घटना घेऊन तिचे असे चार-पाच फाटे स्वतः तयार करा. आठवड्यात दोन कलमं झाली तरी खूप.

आता इंग्रजी

वर लिहिलेले रस्त्याच्या वादाचे चार मुद्दे काढा आणि प्रत्येक मुद्दा इंग्रजीत लिहा. लांब मराठी वाक्याचं भाषांतर करायला जाऊ नका, आधी मराठीतच त्याचे तुकडे करा. लहान वाक्यात कर्ता, क्रियापद, कर्म जागेवर बसले की व्याकरणाच्या निम्म्या चुका आपोआप जातात.

वाचनासाठी संविधानाची मराठी आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवा, दोन्ही सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतात. रोज एक अनुच्छेद आधी मराठीत, मग इंग्रजीत वाचा, आणि शेवटी न पाहता स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यांत लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांची मराठी भाषांतरंही न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहेत, त्यांचाही असाच उपयोग करा. शब्द अडला तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश पाहा. ‘अँड’, ‘ऑर’, ‘शॅल’, ‘मे’, ‘अनलेस’, ‘प्रोव्हायडेड दॅट’ या छोट्या शब्दांभोवती पेनानं गोल करत जा, कारण कलमाचा अर्थ बहुधा त्यांच्यावरच फिरतो.

आणि एक पत्र जरूर मिळवून वाचा. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून झालेल्या अत्याचाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. नागपूर खंडपीठानं आरोपींना दोषी ठरवलं होतं, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये त्यांना सोडलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. निकालातलीच तथ्यं घेऊन त्यांनी दाखवून दिलं की दबावाखाली गप्प राहणं आणि संमती देणं या कायद्यानंही आणि साध्या समजुतीनंही वेगळ्या गोष्टी आहेत. त्या पत्रामुळे देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पत्र फार लांब नाही. संताप प्रत्येक ओळीत आहे, तरी प्रत्येक विधानाला निकालातला आधार आहे. विदर्भातून वकिलीला निघालेल्या प्रत्येकानं ते वाचावं आणि त्यातला युक्तिवाद टप्प्याटप्प्यानं मराठीत लिहून काढावा.

तपासणी आणि हात

लिहिलेलं लगेच तपासू नका, दुसऱ्या दिवशी तपासा. आधी नावं, तारखा, आकडे, मग वाक्यं, आणि शुद्धलेखन शेवटी. मराठी लेखनाचे मान्य नियम एकूण १८ आहेत, एका रविवारी वाचून होतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वारंवार होणाऱ्या शब्दांची यादी वहीच्या मागच्या पानावर ठेवा. मग घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा, शक्यतो ज्याला घटना माहीत नाही अशाला. त्यानं मधेच ‘कोण? केव्हा?’ विचारलं तर ते वाक्य पुन्हा लिहा.

मोबाइलमध्ये बोलून अर्ज तयार करणारी, प्रश्न टाकला की उत्तर लिहून देणारी साधनं आता सगळ्यांकडे आहेत. या काही महिन्यांत ती बाजूला ठेवा. परीक्षेच्या खोलीत हातात पेनच असणार आहे, आणि विचार लावायची सवय स्वतः लिहिण्यातूनच लागते. वर्ग सुरू झाल्यावर मराठी युनिकोड टायपिंग मात्र नक्की शिका, न्यायालयांत ई-फायलिंग वाढत चाललं आहे.

हातानं सलग लिहिण्याचाही सराव लागतो. सुरुवातीला पंधरा मिनिटांत मनगट दुखतं. हळूहळू वेळ वाढवत एका बैठकीत तासभर न थांबता, वाचता येईल अशा अक्षरात लिहिता आलं पाहिजे.

कॉलेज अमरावतीचं असो, यवतमाळचं, अकोल्याचं की नागपूरचं, प्रवेशाच्या दिवशी कार्यालयात दोन गोष्टी विचारून घ्या: उत्तरपत्रिका कोणत्या माध्यमात लिहिता येते, आणि जुन्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयात मिळतात का. पहिल्या सत्राची एक जुनी प्रश्नपत्रिका घरी आणा, त्यातला एकच प्रश्न निवडा, घड्याळ लावून उत्तर लिहा आणि पहिल्या आठवड्यातच ते एखाद्या प्राध्यापकांना दाखवा. ‘सर, मुद्दे सुटले का ते सांगा,’ एवढं विचारलं तरी पुढे काय सुधारायचं ते कळेल.